शकुनाचं हेड

उमरगा, ३ ऑक्टोबर

गौरी,

'अनेक उत्तम आशीर्वाद' वगैरे लिहीत नाही. आशीर्वाद घ्यायला भावाला मान खाली घालावी लागते आणि तुझी मान कशी आहे ते मला ठाऊक आहे. माझा नंबर तू ब्लॉक केलास, घरचाही केलास. म्हणून हे पत्र मल्हारच्या हाती देते. त्याचा ट्रक दर चार-पाच दिवसांनी हुबळीला जातो, आणि ट्रकवाल्याला ब्लॉक करायचं बटण अजून निघालेलं नाही.

मल्हारनंच सांगितलं की तू हत्यारं विकायला काढलीस. अख्खी पेटी. पाने, टॉर्क रेंच, आणि तुझा तो जाडी मोजायचा व्हर्निअर, जो तू मऊ कापडात गुंडाळून ठेवायचास. हुबळीत मोबाइलची कव्हरं विकतोस हे पाच वर्षं ऐकतेय. पोटासाठी माणूस काहीही विकतो, त्यात लाज नाही. पण पेटी जवळ आहे तोवर मला वाटायचं, येईल कधीतरी. मल्हार म्हणाला, "अक्का, त्यो म्हनला, माझ्या हाताला यश न्हाय, मग हत्यारं काय पुजायला ठिऊ?" तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. आज दुकानात त्या टेम्पोवाल्या श्रीमंतच्या इंजिनाचं हेड घासायला मशीनवर लावलं आणि चालू करायचंच विसरले. तो शेजारी उभा राहून माझ्याकडे बघत होता.

ते वाक्य तुझं नाही, अप्पांचं आहे. तामलवाडीचं लग्न उरकून आपण फियाटमधून परत निघालो होतो. मे महिना, गाडीत माणसं कोंबलेली. तुळजापूरच्या घाटात इंजिन ठोकायला लागलं आणि वर पोचायच्या आत पिस्टन गेला. मागून वऱ्हाडाची जीप आली, तीही थांबली. त्या सगळ्यांदेखत अप्पा बोलले, "ह्याच्या हाताला यशच न्हाय." तू स्वतः बांधलेलं ते पहिलं इंजिन. त्या दिवशी मीही गाडीत होते आणि तुझी बाजू घेतली नाही, कारण इंजिन का गेलं हे मलाही कळलं नव्हतं. त्यानंतरच तू हुबळी गाठलीस.

ते इंजिन अजून दुकानाच्या कोपऱ्यात पोत्याखाली आहे. अप्पांनी कुणाला उघडू दिलं नाही. आता दसऱ्याआधी भंगारात घालायचं म्हणतात. तर ऐक. अप्पा जेवायला घरी गेले की मी ते उघडायला लागलेय. पिस्टन का फुटला ते शोधून काढते. तोवर पेटी विकू नकोस. एवढंच मागणं आहे.

अक्का


उमरगा, ८ ऑक्टोबर

गौरी,

मल्हार म्हणाला, पत्र वाचलंस, घडी घातलीस, खिशात टाकलंस, आणि चहा पाजलास. पत्राबद्दल चकार शब्द नाही. बरं. मी लिहिते, तू घड्या घाल.

इंजिन उघडलं. पहिल्या सिलिंडरच्या पिस्टनच्या माथ्याला भोक पडलंय, कडा वितळल्यासारख्या. बाकीचे तीन शाबूत. मी तुझं काम बघत गेले. बेअरिंगवर ओरखडा नाही, रिंगांच्या फटी जिथं हव्या तिथं, तेलाची नळी स्वच्छ. मी आजवर इतकी इंजिनं उघडली, इतकं नीट बांधलेलं पाहिलं नाही. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून तुला दोन ठेवून द्याव्यात असंच वाटतं.

मग राहिलं काय? कॉम्प्रेशन. पिस्टन खाली असताना वर जेवढी जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर किती पट दाबली जाते, तो आकडा. तो फार चढला की भर उन्हात, भरल्या गाडीनं चढ चढताना पेट्रोल आपल्या वेळेआधीच भडकतं आणि इंजिन ठोकतं. तूच शिकवलंस. मी ईट गावचं सासर कायमचं सोडून आले तेव्हा घरात सगळे मला काचेच्या भांड्यासारखं वागवत होते. तू एकट्यानंच हातात व्हर्निअर दिलास आणि म्हणालास, "रडायचं असंल तर रड, पन हे वाच आधी." माझं पोट आज त्यावर चालतं. म्हणून तुझी पेटी विकली जाणं मला सोसत नाही.

तर मोजलं. इंजिनाच्या डोक्यावरचं ते झाकण, हेड, उलटं करून टेबलावर सपाट बसवलं. त्याच्या पोटातल्या खळग्याच्या, चेंबरच्या, कडेला ग्रीस लावून वर जाड प्लास्टिकचा तुकडा दाबला, त्याला मधे भोक. सिरिंज मेडिकलमधून आणली. दुकानदार म्हणाला, "अक्का, येवढी मोठी? म्हशीला टोचायची का?" म्हटलं, भावाला. पातळ तेल भोकातून सोडत गेले. पुस्तकाच्या हिशोबानं पस्तीस मिली तरी मावायला हवं. सत्ताविसालाच तेल भोकातून वर आलं.

मला वाटलं हवा अडकली. पुसून पुन्हा भरलं. सत्तावीस. टेबल कलतं असेल म्हणून खाली कागदाच्या घड्या सारल्या. सत्तावीस. तेवढ्यात अप्पा आले, मी हेडवर पोतं टाकलं, पण सिरिंज ओट्यावरच राहिली, आणि ते म्हणाले, "कुनाची तब्येत बिघडली?"

आता हिशोब. सिलिंडर तू मोठा करून घेतला होतास, त्या मापानं पिस्टन खालून वर येताना २७७ मिली जागा झाडून नेतो. वर आल्यावर त्याच्या माथ्यावर दीड मिलीची फट राहते. चेंबरचे सत्तावीस आणि हे दीड, साडेअठ्ठावीस. २७७ मध्ये ते मिळवले आणि त्यांनीच भागलं. पावणेअकराला टेकलं, गौरी. पुस्तकात पावणेआठ आहे. अशा इंजिनानं घाट चढायला सुरुवात केली हीच कमाल. आकडा इतका कसा चढला? मला काही सुचत नाही. जेवताना भाकरीवर बोटानं आकडे काढत होते, अव्वा म्हणाली, "खा की लेकी, का तिला बी मोजतीस?"

अक्का


उमरगा, १३ ऑक्टोबर

गौरी,

मल्हार आला आणि हसत म्हणाला, "वाचलं, घडी घातली, एका पोरीला गुलाबी कव्हर दाखवलं, आनि मग मान वर न करता म्हनला, गॅस्केट धरली का इचार तिला."

मी मशीनपाशी उभी होते. मला रडू आलं. श्रीमंत टेम्पोचं हेड न्यायला आला होता. त्याला वाटलं माझ्या डोळ्यात रॉकेल गेलं. तो पाणी घेऊन धावत आला. पाच वर्षांनी तुझा पहिला शब्द, आणि तो 'गॅस्केट'. चालेल. मला तेवढा पुरला.

नव्हती धरली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं मी टेबलाखाली कागद सारत बसले आणि हेड आणि खालच्या सिलिंडरच्या ब्लॉकच्या मधे गॅस्केटची भोकं पाडलेली पट्टी असते हेच विसरले. जुनी काढून जाडी मोजली. तिच्या भोकातली जागा साडेचार मिली निघते. म्हणजे साडेअठ्ठावीसचे झाले तेहतीस. पुन्हा भागलं. नऊ पूर्णांक चार.

पावणेअकरा नाही, पण पावणेआठही नाही. त्या जुन्या इंजिनाला एवढं पुष्कळ झालं. गॅस्केटनं थोडं वाचवलं, बाकीचं आहे तसंच आहे. आठ मिली जागा गेली कुठं? हेडची जाडी घेतली. पुस्तकापेक्षा अडीच मिलिमीटर कमी भरते. इथला व्हर्निअर घासलाय, त्याचं कितपत खरं मानायचं माहीत नाही, पण तेलही तेच सांगतंय. हेड घासून घासून पातळ केलंय कुणीतरी. पातळ झालं की चेंबर उथळ होतो, आणि कॉम्प्रेशन चढतं.

आता मी एक विचारते आणि तू चिडणार आहेस. तू घासलंस का? तेव्हा तुला गाडी पळवायचा शौक होता. नळदुर्गपर्यंत कुणाला पुढं जाऊ द्यायचा नाहीस. हेड थोडं उतरवलं की गाडीला जोर येतो, हे तुझ्यासारख्याला सांगायला नको. तसं असेल तर अप्पा बरोबर ठरतात आणि मी मूर्ख. तरीही मला खरं हवंय. इंजिन भंगारात जाईल, तू पेटी विकशील, आणि मी जन्मभर या आकड्यापाशी अडकून राहीन, हे मला नको. मल्हारजवळ नुसतं व्हय का न्हाय एवढं सांग.

अक्का


उमरगा, १९ ऑक्टोबर

गौरी,

तू व्हय म्हणाला नाहीस, न्हायही म्हणाला नाहीस. मल्हारला सांगितलंस, पेटीला गिऱ्हाईक मिळालंय, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊन जाणार. मी विचारलं म्हणून चिडलास. चीड. तुझ्या जागी मी असते तर पेटी त्याच दिवशी फुकट देऊन टाकली असती. आपण दोघंही एकाच बापाची.

पण मला आता विचारायची गरज राहिली नाही.

काल अव्वाबरोबर दुकान धुवायला घेतलं, खंडेनवमीसाठी. ती मशीनचा ओटा पुसत होती आणि सवयीप्रमाणे कुरकुरत होती. म्हणाली, "पैलं बरं हुतं. शकुनाला लई वरसं येकच हेड हुतं. आता दर साली भंगारात धुंडत बसायचं."

मी म्हटलं, "कुठलं गं?"

"ते न्हाय का, खिडकीत ठिवलेलं. दर दसऱ्याला म्याच कुंकू लावायची. कसं लखलखायचं बाई. गौरीनं नंतर फियाटला बसिवलं की ते."

माझ्या हातातून बादली पडली.

तुला आठवतंय ना? खंडेनवमीला हत्यारं पुजायची, त्या दिवशी कशाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, नारळ फोडून मशीन सुरू करायचं. आणि ते रिकामं फिरवायचं नाही, धातूला लागलं पाहिजे, नाहीतर वर्ष रिकामं जातं. आजोबांपासूनची रीत. दसऱ्याला गिऱ्हाइकाचं हेड कुठून असणार? म्हणून अप्पा खिडकीतलं ते फियाटचं जादा हेड लावायचे आणि केसाइतका थर उतरवायचे. आपण दोघं ती चकाकी बघायला ओट्यावर चढायचो. मी शाळेत जायला लागायच्याही आधीपासून दर दसऱ्याला तेच हेड. प्रत्येक वेळी फक्त केसाइतका थर. पण केस वर्षाला एकच असला तरी वर्षं थोडी नव्हती.

आणि आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. कारण ते काम नव्हतं, ती पूजा होती. काम मोजतात. पूजेत घासलेलं कोण मोजतं? उलट दर साली घासल्यामुळं ते इतकं सपाट आणि चकचकीत राहिलं की फियाटचं जुनं हेड तडकल्यावर तू ते उचललंस तेव्हा नव्यासारखंच दिसलं असणार. त्याला हात लावायचं कारणच नव्हतं. तुझा हात बरोबर होता, गौरी. एक बोल्टसुद्धा चुकला नव्हता.

मला आनंद झाला आणि लगेच भीती वाटली. आता हे अप्पांना कोण सांगणार? मीच. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला घरात दुसरं आहे कोण? तू गिऱ्हाइकाला थोपव. अप्पांच्या तोंडून ऐकल्याशिवाय तू मानणार नाहीस हे मला कळतं. मीही मानलं नसतं.

अक्का


उमरगा, २४ ऑक्टोबर, दसरा, सकाळ

गौरी,

घाईत लिहितेय. मल्हार बाहेर ट्रकला तोरण बांधतोय, ते झालं की निघेल. उद्या सकाळी हुबळीत पोचतो म्हणाला. पेटीवाला त्याच्या आधी आला तर त्याला बसव, पाणी पाज, काहीही कर, पण हे वाचल्याशिवाय पेटी उचलू देऊ नकोस.

काल खंडेनवमी. नेहमीसारखी हत्यारं मांडली, झेंडूच्या माळा घातल्या. मी फियाटचं ते हेडही मधोमध मांडलं. अप्पांनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, विभूती लावली, आणि शेवटी त्या हेडपाशी आल्यावर त्यांचा हात थांबला. "हे कशाला मांडलं?"

मी सांगितलं. तेल, गॅस्केट, नऊ पूर्णांक चार, अडीच मिलिमीटर, दसऱ्याचा थर, सगळं. त्यांचा चेहरा कसा झाला म्हणून सांगू? कुणी त्यांच्या ताटातलं उचलून नेल्यासारखा. म्हणाले, "शकुनाला नाव ठिवतीस? देवाच्या कामात खोट काडतीस?" मग म्हणाले, "तुझं माप खोटं. त्यो व्हर्निअर घासलाय. आन इकडं, म्या मोजतो."

आणि हात पुढं केला. व्हर्निअर समोरच होता, हळदकुंकू लागलेला. अव्वा म्हणाली, "आज हात लावता येत न्हाय. उद्या."

तू असतास तर हसला असतास. मी हसले नाही. अप्पांनी हात मागं घेतला. जन्मभर त्यांनी खंडेनवमीला हत्यार उचललेलं नाही, काल तरी कसे उचलणार? खुर्ची ओढून हेडसमोर बसले. मोजता येईना, उठवेना. दुपारी जेवायला आले नाहीत, अव्वानं ताट दुकानात नेलं तर चार घास खाल्ले. मी आतबाहेर करत होते. मला वाटलं आता ओरडतील, मला दुकानातून काढतील. मोजता आलं असतं तर त्यांनी माझं माप खोडत दिवस काढला असता. तसं करता येईना, म्हणून त्यांना आठवत बसावं लागलं असणार.

दिवे लावायच्या सुमाराला मला हाक मारली. म्हणाले, "त्यानं इचारलं हुतं."

"कुणी? काय?"

"गौरीनं. हेड बसिवताना. म्हनला, अप्पा, टॅपेटचे स्क्रू नेहमीपेक्षा वर बसतेत, हेड पातळ हाय का काय, मोजून घेऊ का? म्या म्हनलं, हेड माझ्या दुकानातलं, माझ्या हातचं. बापाला मोजतो व्हय रे?"

गौरी, तुला शंका आली होती. तू विचारलं होतंस. आणि घाटात सगळ्यांसमोर ते बोलले तेव्हा तू हे तोंडातून काढलं नाहीस. पाच वर्षं काढलं नाहीस. मलासुद्धा नाही. मी तुला 'तूच घासलंस का' विचारलं तेव्हाही नाही. मला तुझा इतका राग आलाय आणि इतकी माया दाटून आलीय की कुठलं आधी लिहावं ते कळत नाही. बापाला खाली बघायला लागू नये म्हणून तू स्वतःचे हात मोडीत काढायला निघालास. असलं शहाणपण तुला कुणी शिकवलं?

आज सकाळी नारळ आणला. शकुनासाठी भंगारातलं एक हेड मी पुसून ठेवलं होतं. श्रीमंत आलाय, टेम्पोचं दुसरं काम घेऊन, मशीन सुरू व्हायची वाट बघतोय. अप्पा आले, हात जोडले, नारळ फोडला आणि खुर्चीत बसले. मशीनचं बटण दाबलं नाही. श्रीमंत म्हणाला, "मालक, करा की सुरू." ते म्हणाले, "आज न्हाय."

"मग कवा?"

"बघू."

असं कधी झालं नाही. दसऱ्याला आपलं मशीन बंद. अव्वा पदरात संध्याकाळी सोनं म्हणून वाटायची बन्नीची पानं घेऊन दारात उभी आहे, तुझा वाटा आत्ताच वेगळा काढून ठेवलाय. मी अप्पांना विचारलं, "व्हर्निअर देऊ? आज उचलता येतो." त्यांनी नको म्हणून मान हलवली. म्हणाले, "मल्हार निघालाय न्हवं? गौरीला लिही."

मी कागद घेतला. म्हटलं, सांगा. मला वाटलं आता सांगतील, चुकलं म्हणतील, ये म्हणतील. तू ओळखतोस त्यांना. त्यांनी खुर्ची हेडकडे ओढली. मग म्हणाले,

"हेड मोजून घे म्हनावं."

मी विचारलं, "आणखी काय लिहू?"

"येवढंच."

म्हणून एवढंच लिहितेय. हेड पुसून टेबलावर ठेवलंय. सिरिंज आणि तेल इथं आहे. तुझा व्हर्निअर मात्र घेऊन ये, इथला घासलाय. मल्हारला परत यायला दोन दिवस लागतात, त्याच्या शेजारची जागा मी अडवून ठेवायला सांगितलीय.

अक्का